आत्माराम मास्तरांच्या दारातली परीक्षा

पालघरच्या आत्माराम मास्तरांना खोड एकच, पण ती अख्ख्या घराला पुरून उरली होती. लेकीला, शालूला, बघायला आलेला मुलगा खुर्चीत टेकायच्या आत ते इंग्रजीत विचारत, "कसे आलात?" उत्तरात शब्दयोगी अव्यय अचूक हवं: कारला 'इन', बसला 'ऑन', आणि पायी आलात तरी 'ऑन'. एक ओव्हरसियर 'ऑन कार' म्हणाला. "टपावर बसून आलात?" मास्तरांनी विचारलं, आणि बिचारा चहा न घेताच गेला. मास्तरांच्या स्वतःच्या दारात सायकलसुद्धा नव्हती, पण स्वभावाला औषध नाही, दुसरं काय!

शालू बोईसरच्या एका कारखान्यात टायपिस्ट. तिथलाच फिटर कृष्णकांत तिच्या मनात भरला होता. हाही परत गेला तर दुसऱ्या कुणापुढे बसायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने त्याच्याकडून घोटून घेतलं. मित्राची स्कूटर आण, 'ऑन द स्कूटर' म्हण आणि पुढे तोंड उघडू नकोस.

रविवारी स्कूटर वाटेत सरावलीतच बंद पडली. कृष्णकांतने गवताचा टेम्पो थांबवला, स्कूटर आत चढवली, आणि ती आडवी होऊ नये म्हणून पालघरपर्यंत तिच्यावरच बसून आला.

"कसे आलात?"

"ऑन द स्कूटर."

स्वयंपाकघरात शालूचा जीव भांड्यात पडला. पण हा पडला हरिश्चंद्राचा अवतार, त्याला ते पचेना. "इन द टेम्पो," तो पुढे म्हणाला.

"काहीतरी एक सांगा," मास्तर कडाडले.

"दोन्ही खरं आहे, गुरुजी. बाहेर बघा."

मास्तर तरातरा अंगणात गेले. टेम्पोवाला वैतागला होता. "लवकर उतरवा, मला मनोरला जायाचा हाय." कृष्णकांत वर चढला आणि कसा बसून आलो ते स्कूटरवर बसून दाखवू लागला.

"चूक म्हणता येत नाही," ते पुटपुटले. "पण असला माणूस घरात घ्यायचा कसा?"

आता मात्र शालूचं डोकं फिरलं. पदर खोचून ती बाहेर आली, टेम्पोत चढली आणि सरळ स्कूटरवर कृष्णकांतच्या मागे बसली.

"बाबा, आल्यागेल्याला विचारता, एकदा मला विचारा. गाडी कुठलीही असो, मी याच्याबरोबर जाणार."

शेजारची भागी कुंपणावर हनुवटी टेकून बघत होती. मास्तरांनी एकदा तिच्याकडे, एकदा टेम्पोकडे पाहिलं. इतकी मुलं आली नि गेली, पण शालूला विचारायचं खरंच राहून गेलं होतं.

"खाली ये," ते शेवटी म्हणाले, "आणि जावयांनाही उतरव. लोक बघतायत."