उकळलेली हळद

विष्णू गेल्याचा निरोप मला मुन्शी घाटावर मिळाला. अंगावर ओलं धोतर, आणि मी मूर्खासारखा विचारतोय, ‘कोणता विष्णू?’ जणू माझ्या ओळखीत दहा विष्णू होते! त्याला महिना झाला. रोज ठरवतो, आता रडायचं नाही... जमत नाही.

आम्ही दोघे ब्रह्मा घाटावरचे, एकाच पाठशाळेत घोकून वाढलो. मी पौरोहित्याला लागलो. हा पठ्ठ्या शाळेत विज्ञान शिकवू लागला आणि उरलेला वेळ औषधी कंदांपायी घालवू लागला. आलं, कचोरा, वेखंड, हळद, जे हाती येईल त्याचा वस्तऱ्याने पातळ काप काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. कंदाच्या पोटातल्या पिठाच्या कणांवरून तो वनस्पती ओळखायचा. ‘नाक फसतं रे, जीभ फसते. हे नाही फसत.’ मी चिडवायचो, ‘वहिनींच्या मसाल्याच्या डब्यालाही दाखला दे एक!’

शहरातल्या एका औषधशाळेच्या हळदीत त्याला रानहळद मिसळलेली आढळली, आणि त्याने तसं लिहून दिलं. औषधशाळेचा मालक नेमका शाळेच्या मंडळावर. मंडळाने बजावलं, आमच्यासमोर सिद्ध करा, नाहीतर नोकरी सोडा. त्याच आठवड्यात विष्णूच्या घरात प्लेगचा उंदीर मरून पडला. बिऱ्हाड नदीपलीकडे रामनगरला हलवताना त्याने औषधशाळेतले, पुराव्याचे ते ओले कंद माझ्या हाती दिले. ‘एवढेच उरलेत. जप हां, बिल्कुल सडता कामा नयेत.’

मी जपले! ओली हळद टिकवायची तर उकळून उन्हात वाळवायची, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. मी तेच केलं, मंडळाच्या दिवशी पुडी थेट त्याच्या हाती ठेवली, आणि उकळल्याचं त्याला सांगायचंही सुचलं नाही.

मंडळासमोर सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसलेच नाहीत, नुसते पिवळे गोळे. विष्णू म्हणाला, ‘कंद माझ्याकडून खराब झाले.’ नोकरी गेली, नाव गेलं. पुन्हा कुणी त्याच्याकडे काही तपासायला आणलं नाही. उकळल्याने कण फुगून फुटतात हे मला फार उशिरा कळलं, आणि मग सांगायला जीभ रेटेना. तो मात्र रोज यायचा, पान खायचा, हसायचा. त्याला ठाऊक नाही, अशी मी मनाची समजूत घालत राहिलो.

तेराव्यानंतर वहिनींनी कागदात गुंडाळलेली एक काचपट्टी आणून दिली. ‘भाऊजी, ह्यांच्या अलमारीत मिळाली. बघा तर काय आहे.’ काचेवर पिवळा काप, मंडळापुढे उभं राहिल्याच्या दिवसाची तारीख, आणि खाली त्याचं बारीक अक्षर: ‘उकळलेली. कुणाला सांगायचं नाही.’

म्हणजे त्याच दिवशी त्याला कळलं होतं. अरे विष्णू, एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्यास रे...