दुसऱ्या कंपनीची इंजिनं

दुकानात आलेलं गिऱ्हाईक माया भालेरावला एक ठरलेला प्रश्न विचारायचं, "मेकॅनिक कुठे गेला?" उल्हासनगर कॅम्प चारमधल्या टहिलराम सेठच्या त्या रिपेरिंगच्या दुकानात चार वर्षं सोल्डरिंगची गन हातात धरून तीच बसत होती. तरी गिऱ्हाइकाची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या पडद्याकडे जायची. सुरुवातीला ती हसून "मीच" म्हणायची. २००६ साल येईपर्यंत ते हसणं आटलं होतं. ती नुसता हात पुढे करायची, वस्तू घ्यायला.

त्याआधी एकोणीस वर्षं ती अंबरनाथच्या एका कारखान्यात टेलिफोनचे बोर्ड जोडत होती. कारखान्याच्या शेवटच्या वर्षी बोर्ड नापास होऊन परत यायला लागले. दोष नव्याने आणलेल्या स्वस्त सोल्डरचा होता, हे लाइनवरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण मॅनेजरने एक कागद फिरवला. 'आमच्या निष्काळजीपणामुळे माल खराब झाला', एवढंच त्यावर होतं. बावीस जणींनी सह्या केल्या. मायानेही केली. विठा अहिरेने एकटीने केली नाही, आणि त्यानंतर ती मायाशी कधी बोलली नाही. कारखाना तरी बंद पडायचा तो पडलाच.

मार्च महिन्यात देवदत्त देवधर दुकानात आले. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी बुटाचं खोकं काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "मेकॅनिक?"

मायाने हात पुढे केला.

खोक्यात मऊ फडक्यात गुंडाळलेलं वीतभर लांबीचं डिझेल इंजिन होतं. खेळण्यातलं म्हणावं तर प्रत्येक पायरी, प्रत्येक जाळी खऱ्यासारखी. कंपनीने ट्रेनिंगला परदेशी पाठवलं होतं तेव्हा त्यांनी अशी चार इंजिनं आणली होती आणि घरातल्या एका खोलीत त्यांच्यासाठी रूळ मांडले होते. आता त्यांची मुलगी इरा हिने अमेरिकेहून चार साउंड बोर्ड पाठवले होते. ते बसवले की इंजिन सुरू होताना घरघरणार, भोंगा देणार, ब्रेक लागताना कुरकुरणार.

"फक्त सहा वायरी जोडायच्या आहेत," देवधर म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

मायाने बोर्ड उलटसुलट करून पाहिला. "हा या इंजिनाचा नाही, साहेब. दुसऱ्या कंपनीचा आहे."

"वीज ती वीजच ना, बाई?"

त्या अर्ध्या तासाचे सहा दिवस झाले. बोर्ड चार मिलिमीटर लांब निघाला. वजनासाठी आत घातलेला लोखंडी ठोकळा कानशीने घासून घासून मायाच्या बोटांची सालं निघाली. स्पीकर बसला तर वरचं झाकण बसेना. झाकण बसलं तर वायर चाकात जायची. दर थोड्या वेळाने टहिलराम विचारायचा, "दीदी, वो मिक्सर कब होगा?" आणि ती इंजिन बाजूला सारून मिक्सर ओढायची. पुन्हा इंजिन घ्यावं तर कुठली वायर कुठे जाणार होती ते विसरलेलं.

खरी भानगड मात्र वेगळीच होती, आणि ती मीटर लावल्यावर कळली. या जुन्या इंजिनांत मोटरच्या खाली पितळेची एक पट्टी असायची. रुळातली वीज लोखंडी सांगाड्यातून त्या पट्टीने थेट मोटरला मिळायची. नव्या बोर्डाला ते चालणार नव्हतं. वीज आधी बोर्डात जायला हवी, आणि मोटरला ती बोर्डानेच द्यायला हवी. मोटर सांगाड्याला जराशी जरी टेकली, तरी बोर्ड तिथल्या तिथे जळणार. मायाने पट्टी काढली, मोटरखाली टेपचे तीन थर दिले, वेगळी वायर ओढली आणि मीटरने पाच वेळा तपासलं. सातव्या दिवशी काउंटरवर मांडलेल्या हातभर रुळावर इंजिन घरघरलं. शेजारचा बटाटेवडेवालाही बघायला आला.

देवधर खूश होते. मायाने काढलेली पट्टी खोक्यात ठेवत त्यांना बजावलं, "साहेब, खालची मोटर काढू नका. टेप हलली तर बोर्ड जाईल."

"ते मला कळतं, बाई."

तिसऱ्या दिवशी ते परत आले. खोकं उघडल्याबरोबर जळका वास आला.

"तुम्ही काहीतरी चुकीचं जोडलंत," ते म्हणाले. "भोंगा दिला आणि धूर निघाला."

मायाने झाकण काढलं, मोटर उचलली. खाली टेपचे तीन थर नव्हते, एकच होता, तोही नीट कापून चिकटवलेला. पितळेची पट्टी पुन्हा जागेवर बसली होती आणि घासून चकचकीत केली होती.

"ही तुम्ही उघडलीत, साहेब."

"मी फक्त साफ केलं. मोटर थोडी थरथरत होती. मूळ पट्टी मूळ जागी असायला काय हरकत आहे? कंपनीने ती उगीच दिलीय का?"

"ती कंपनी वेगळी. बोर्डाची कंपनी वेगळी. हेच तर मी तुम्हाला..."

"तीस वर्षं प्लांट चालवलाय मी," देवधरांचा आवाज चढला. "मला शिकवू नका."

टहिलराम गल्ला सोडून पुढे आला. त्याला गिऱ्हाईक दुखावलेलं कधीच चालायचं नाही. "दीदी, सॉरी बोल दो ना. बात खतम. साब अपने हैं."

मायाच्या हातात पट्टी होती. तिने ती काउंटरवर ठेवली. "मी सॉरी नाही बोलणार, सेठ. मीटर लावून दाखवते. दोन मिनिटं लागतील."

देवधरांनी खोकं उचललं आणि ते निघून गेले. टहिलराम परत गल्ल्यावर जाऊन बसला.

संध्याकाळी बदलापूरला बेलवलीच्या घरी तिने नवऱ्याला, शंकरला, सगळं सांगितलं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "म्हणायचं होतंस की सॉरी. काय जातं?"

"सही केली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

शंकरने ताट पुढे केलं. भाजी वाढताना मायाने पळी ताटावर आपटली. राग देवधरांचा होता की स्वतःचा, हे तिला सांगता आलं नसतं.

नऊ दिवसांनी दुकानात फोन आला. देवधरांची बायको सुहासिनी बोलत होती. "मायाताई, इंजिन ह्यांनीच उघडलं होतं. मी समोर होते. ते कबूल करायचे नाहीत. पण रोज त्या खोलीत जाऊन नुसते बसतात. उरलेल्या तिन्हींचं काम घरी येऊन कराल का?"

नाही म्हणावं असंच मायाच्या ओठावर आलं होतं. पण ते काम अर्धवट राहिलंय हे तिला टोचत होतं. तिने रविवार सांगितला.

रविवारी देवधर तिच्या खुर्चीमागेच उभे राहिले. हातात इंटरनेटवरून काढलेले कागद.

"इथं लाल वायर दाखवलीय. तुम्ही काळी का घेतलीत?"

"ती आकृती दुसऱ्या इंजिनाची आहे, साहेब."

"गन जास्त गरम नाही ना?"

"नाही."

"स्पीकर पुढे घेतला असता तर..."

मायाने गन स्टँडवर ठेवली. "साहेब, तुम्ही बाहेर बसाल का? नाहीतर मी बाहेर बसते, तुम्ही करा."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. देवधर कागदांची घडी करत हॉलमध्ये गेले.

तीन रविवारांत तिन्ही इंजिनं झाली. तिसऱ्याचं झाकण शेवटपर्यंत एका बाजूने केसभर वर राहिलं. मायाने ते अकरा वेळा काढून बसवलं आणि शेवटी तसंच सोडलं. तीन इंजिनं एकामागून एक घरघरत बोगद्यातून बाहेर आली तेव्हा देवधरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "भोंगा आपल्याकडचा वाटत नाही."

"तो अमेरिकेतल्या इंजिनाचा आहे," माया म्हणाली. तिला टेबलावरचं सामान पिशवीत भरायची घाई झाली होती.

देवधरांकडून आणलेला जळका बोर्ड तिने दोन महिने दुरुस्त करून पाहिला. भिंगाखाली धरला, दोन सुटे भाग बदलले. पण मधली चिपच गेली होती, आणि इराने कळवलं की तो बोर्ड आता बनत नाही. माया हे सांगायला अंबरनाथला देवधरांच्या घरी गेली. देवधर गॅलरीत कुंडीतली माती उकरत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग मातीकडेच पाहत म्हणाले, "पट्टी मीच लावली होती."

"मला माहीत आहे."

इतके दिवस ती या वाक्याची वाट पाहत होती. आता ते आलं तर हलकं वाटावं असं काहीच झालं नाही. गॅलरीत तिसरं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "साहेब, हे दुकानात येऊन सांगाल? सेठसमोर."

देवधरांनी हात झटकले. उकरलेली माती कुंडीत सारखी केली. मग म्हणाले, "बुधवारी येतो."

बुधवारी ते खरंच आले, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. टहिलराम बाहेर गेला होता, कुणाच्या तरी साखरपुड्याला. देवधर बाकावर बसले. मायाने चहा मागवला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. चहाचे पेले रिकामे झाले. शेवटी ते उठले, टहिलरामच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "त्यांना सांगा, चूक माझी होती." आणि गेले.

टहिलराम चार वाजता मिठाईचा पुडा घेऊन आला. मायाने त्याला सांगितलं, "देवधरसाहेब आले होते. बोर्ड त्यांच्या हातून जळला, असं सांगायला."

"अच्छा," टहिलराम पुड्याची दोरी सोडत म्हणाला. "दीदी, वो वॉशिंग मशीन का बोर्ड हो गया? पार्टी पाँच बजे आएगी."

मायाने गन उचलली, आणि परत खाली ठेवली.

"आज नाही होणार," ती म्हणाली. "उद्या यायला सांगा."

टहिलरामने वर पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. त्याने फोन उचलला आणि पार्टीचा नंबर लावला.