देवपूरहून आलेली किल्ली

आमच्या सरांइतका गुपित न राखणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. आणि अशा माणसाने निवृत्तीला टेकल्यावर ध्यास कसला घ्यावा, तर गुपितं राखण्याच्या विद्येचा! त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. मी त्यांच्या वर्गात असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी, "पाचवा धडा सोडू नका रे, मी मात्र काही सांगितलेलं नाही," असं भर वर्गात म्हणून त्यांनी कॉलेजला पेपरच बदलायला लावला होता.

तेच सर आता धुळ्याच्या देवपुरातल्या आपल्या गच्चीवरून पांझरा नदीपलीकडे माझ्या गच्चीवर, मोकळ्या हवेतून, प्रकाशाच्या एकेका कणावर बसवून गुप्त किल्ली धाडायला निघाले होते. किल्ली म्हणजे नुसती शून्य आणि एक यांची माळ. तिने निरोप कुलूपबंद करायचा आणि साध्या फोनवर पाठवायचा. "वाटेत कुणी डोकावलं ना, की कण बिघडतात आणि आपल्याला कळतं!" हे ते मला सांगत, पोस्टमनला सांगत, दाढी करून घेताना न्हाव्यालाही सांगत. जन्मभर फळ्यावर शिकवलेलं एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता. पण कधी वारा आडवा येई, कधी दुर्बिणीत कबूतर शिरे, आणि कॉलेजातून आणलेली यंत्रं तर निवृत्तीबरोबर परत करायची होती.

शेवटच्या संध्याकाळी सरांना यशाची इतकी खात्री होती, की त्यांनी आधीच सगळ्या गल्लीला गच्चीवर भरिताचं आमंत्रण दिलं. अंधार पडला, माझ्याकडे कण येऊ लागले, आणि एकाएकी थांबले. मी फोन केला.

"सर, काहीच येत नाहीये."

"चोर!" सर आनंदाने ओरडले. "अरे, आपली किल्ली चोरायला धुळ्यात कुणीतरी आलं!"

चोर असता तर कण बिघडून आले असते; इथे ते येतच नव्हते. हे मला शिकवलं सरांनीच, पण आनंदाच्या भरात तेच विसरले. तेवढ्यात फोनमधून शेजारच्या अक्कांचा आवाज आला, "चोर नही भाऊ, बठ्ठा धूर तुमनाच शे!"

खरंच, सगळा धूर सरांचाच होता. वांगी भाजायला त्यांनी कपाशीच्या काड्या पेटवल्या होत्या, त्या नेमक्या दुर्बिणीच्या तोंडाशी. मग अर्धीकच्ची वांगी घेऊन सारी गल्ली खाली अंगणात उतरली. धूर विरला आणि किल्ली पुरी आली. पाठोपाठ फोनवर कुलूपबंद निरोप आला. विज्ञानाच्या विजयाबद्दल काहीतरी भारदस्त असेल, म्हणून मी तो उघडला.

"घर विकलं. पुढच्या महिन्यात नाशिकला मुलाकडे कायमचा जातोय. सगळ्यांची जेवणं हसतखेळत होऊ देत, आज कुणाला सांगू नकोस."

मी पूल ओलांडून देवपुरात गेलो तेव्हा सर अंगणात हातवारे करत धुराची गोष्ट रंगवून सांगत होते. माझ्या पानात भरीत वाढताना त्यांनी हळूच विचारलं, "मिळाली का रे किल्ली?"

"मिळाली, सर."

सर मान डोलावून पुढच्या पानाकडे वळले आणि धुराची गोष्ट पुन्हा सुरू झाली.

अजून संध्याकाळी गच्चीवर गेलो की माझी नजर नदीपलीकडे जाते. त्या गच्चीवर आता नव्या मालकांचे कपडे वाळत असतात. मला सरांची फार आठवण येते.