उसवलेली बाही

आमच्या कॉलनीत त्या काळात जन्मलेल्या बहुतेक मुलांची एक बाही लांब आहे. निदान फोटोत तरी. कुणाच्याही घरचा जुना अल्बम काढा. बाळ आजीच्या मांडीवर, डोक्याला टोपडं, आणि अंगातल्या स्वेटरची एक बाही मनगटाशी थांबलेली, दुसरी बोटं झाकून खाली लोंबतेय. पाहुणे हळूच विचारायचे, बाळाच्या हाताला काही झालंय का? बाळाचा हात ठणठणीत असायचा. स्वेटर चौघींनी मिळून विणलेला असायचा, एवढंच.

कॉलनी म्हणजे चिकलठाण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांची बैठी घरं. दोन रांगा आणि मधे मोकळी जागा. थंडीत जेवणं उरकली की आम्ही तिथं सतरंजी टाकायचो आणि ऊन सरकेल तशी ती सरकवत न्यायचो. मी पैठणकडची, नवीन लग्न होऊन आलेली, कुणाशी फारसं न बोलणारी. विणायला बसलं की बोलावं लागत नाही, म्हणून मी तिथं बसायला लागले. खरं तर तिथं बोलण्याशिवाय काही चालत नव्हतं.

सगळ्यांत मोठ्या आपा. आम्ही सगळ्याच त्यांना आपा म्हणायचो, आमच्या सासवासुद्धा. त्यांचं माहेर जुन्या शहरातलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि अठ्ठेचाळीस साली लष्कर शहरात आलं तेव्हा त्या परकरातल्या होत्या. कितीतरी दिवस घराची कडी आतून लावलेली असायची, आणि त्यांच्या अम्मीनं त्यांना कोपऱ्यात बसवून हातात सुया दिल्या. ‘हात चालू राहिले की कान बाहेर जात नाहीत,’ असं अम्मी म्हणाली होती म्हणे. त्या दिवसांबद्दल आपा याहून जास्त कधी बोलल्या नाहीत. त्यांचा हात मात्र फार घट्ट होता. टाक्यातून सुई ओवायला जागा मिळायची नाही.

समोरच्या घरात वहिनी. बिडकीनजवळच्या शेतकरी घरातल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा हात सैल. बोलता बोलता विणायच्या, आणि गोष्ट रंगली की टाके आणखी सैल व्हायचे. चौथ्या म्हणजे पोस्टातल्या बाई. त्या नोकरी करायच्या, म्हणून फक्त रविवारी सतरंजीवर यायच्या, आणि बाकी दिवस घरी स्वयंपाक होईस्तोवर विणायच्या.

आमची एक पद्धत होती. कॉलनीत कुणाचं डोहाळजेवण झालं की लोकर आणायची, गुलमंडीच्या एकाच दुकानातून. मग कामाची वाटणी. पाठ आपांची, पुढचा भाग पोस्टातल्या बाईंचा, एक बाही वहिनींची आणि एक माझी. टाके सगळ्यांनी मोजून सारखेच घालायचे, पण हात सारखे नसतात. वहिनींची बाही ऐसपैस व्हायची आणि माझी आखूड. मोजून घ्या, मापाला लावून बघा, असं आपा दरवेळी सांगायच्या आणि दरवेळी तेच व्हायचं. वहिनी म्हणायच्या, “लेकरू वाढतंय की आपा. एक बाही आज व्हईल, दुसरी पुढल्या साली.”

आणि त्यातही दोन गोष्टी पाळायच्या. ज्या बाईचं बाळ, तिनं स्वतः एकही टाका घालायचा नाही. तिनं फक्त लडी उलगडून गुंडे करून द्यायचे. आणि सगळे भाग विणून झाले तरी ते जोडायचे नाहीत. जिचा तिचा भाग जिच्या तिच्या पिशवीत राहायचा. बाळ जन्मलं की मग आपा जाड सुईनं ते जोडणार, आणि बारशाला बाळाच्या अंगात घालणार. ही पद्धत कुणी घातली हे कुणालाच सांगता यायचं नाही. आपांना वाटायचं वहिनींकडची, वहिनींना वाटायचं आपांकडची. माझ्या मते ती सतरंजीवरच तयार झाली होती.

माझी वेळ आली तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. पिवळी लोकर आणली. मी गुंडे करून दिले आणि माझ्या वाट्याची बाही आपांनी घेतली. एक बाही आपांची आणि एक वहिनींची म्हणजे काय होणार हे सगळ्यांना आधीच दिसत होतं, आणि त्यावरून माझी यथेच्छ थट्टा झाली. संक्रांतीच्या आधी सगळे भाग विणून झाले.

मुलगी झाली. रडली नाही.

दवाखान्याला किंवा कुणाला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. असं होतं कधी कधी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले होते. मी तिला पाहिलं. डोक्यावर दाट जावळ होतं. मग माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं तिला कापडात गुंडाळून नेलं, आणि कुठं ठेवून आले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

घरी आले. दूध आलं होतं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी जुन्या धोतराचं फडकं फाडून माझ्या छातीला घट्ट बांधलं. त्या वाईट नव्हत्या. पण म्हणाल्या ते हेच, “मनाला लावून घिऊ नगं. तुझा जीव वाचला, हे काय कमी हाय? पुढं व्हतंय सगळं.”

सगळेच हेच म्हणत होते. जाऊ द्या. पुढं होईल. देवानं दिलं, देवानं नेलं. मला त्या काळात एकेकाच्या तोंडावर हात ठेवावासा वाटे. पुढं काय होईल ते होईल, पण जे झालं होतं त्याचं काय? कुणी ‘मुलगी’ असंसुद्धा म्हणत नव्हतं. ‘तसं झालं,’ म्हणायचे. ‘ते झालं तेव्हापासून हिचं जेवणात लक्ष नाही.’ माझ्या नवऱ्यालाही बोलता यायचं नाही. तो कामावरून आला की सायकल पुसत बसायचा. बारसं नाही, पाळणा नाही. चुलत जावेनं पाळणा मागून आणला होता, तो मी येण्याआधीच कुणीतरी परत नेऊन दिला.

आणि सतरंजी बंद झाली. दुपारी खिडकीतून बघायचे, तर मधल्या जागेत नुसतं ऊन. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी बसणंच सोडलं होतं. आपापल्या घरात दार लावून विणत असतील किंवा नसतील. त्या रिकाम्या उन्हाचं मला जितकं वाईट वाटलं तितकं सांत्वनाला आलेल्या माणसांचंही वाटलं नाही.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. तो स्वेटर. त्याचे भाग तीन घरांत तीन पिशव्यांत पडून होते. बाळ जन्मल्यावर जोडायचा, अशी पद्धत. मग आता? माझी मुलगी जन्मली होती की नव्हती? मी कळा दिल्या होत्या. तिचं जावळ मी पाहिलं होतं. स्वेटर जोडला नाही तर ती जन्मलीच नाही असं ठरेल, असं मला वाटायला लागलं. हे कुणाला सांगितलं असतं तर डोकं फिरलं म्हणाले असते. कदाचित फिरलंही असेल. मला तो स्वेटर कुणाच्या अंगावर बघायचा नव्हता, जवळही ठेवायचा नव्हता. तो फक्त पुरा व्हायला हवा होता.

चालता यायला लागल्यावर एका दुपारी मी आपांकडे गेले. सासूबाई विचारत होत्या कुठं चाललीस, मी उत्तर दिलं नाही. आपा एकट्याच बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणाले, “आपा, स्वेटर जोडून द्या.”

आपा माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पेटीतून पाठ आणि त्यांची बाही काढली आणि चटईवर पसरली. म्हणाल्या, “बैस. पोस्टवाल्या बाईंकडून पुढचा भाग मी परवाच मागवून घेतलाय. वहिनीला बोलव.”

म्हणजे त्याही तोच विचार करत बसल्या होत्या. मला तेव्हा ते कळलं नाही, पुढं कळलं.

वहिनींना विणायच्या पिशवीसकट बोलवायला आतून आपांची सून गेली. वहिनी आल्या, पण दारातच थांबल्या. चटईवरचे भाग पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “आपा, हे काय काढलं? आसं करू नये. पुरं केलं की ते घरात ऱ्हातं. रोज डोळ्यापुढं. पुढल्या लेकराच्या वाटंत येतं. लोकर उसवावी, धुवावी, दुसऱ्या कामाला लावावी.”

“बच्ची पैदा तो हुई ना, वहिनी,” आपा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “नऊ महिने पेटात वाढवली हिनं. जनम झाला म्हणजे झाला. आपली पद्धत काय आहे? जनम झाल्यावर जोडायचं. मग?”

मी म्हणाले, “वहिनी, तुमची बाही द्या.”

त्यांनी पदराखालची पिशवी पुढं केली. मी ती उघडली. आत बाही नव्हती. पिवळ्या लोकरीचा गुंता होता, विणीचे वळसे तसेच राहिलेले, सगळा धागा कुरळा.

“म्या उसवली,” वहिनी म्हणाल्या. “तू दवाखान्यातून आली त्याच दिशी. म्हणलं, हिच्या नजरंस पडाया नगं. चुकून दिसली तर काळीज फाटंल. मला वाटलं, मी तुझ्या भल्याचं करतेय.”

दवाखान्यातसुद्धा मी रडले नव्हते. त्या कुरळ्या लोकरीवर तोंड ठेवून मी जे रडले ते आपांच्या सुनेनं बाहेरचं दार लावून घ्यावं इतकं. रागही होता त्यात. वहिनींवर होता, सगळ्यांवर होता. ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझी होती ती, तुम्ही कोण उसवणार?’ असं मी ओरडले. वहिनींनी ऐकून घेतलं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं एक वाक्य ऐकून घेतलं नव्हतं, तिनं ते सगळं खाली बसून ऐकून घेतलं.

मग त्यांनी आपांच्या डब्यातल्या सुया घेतल्या आणि माझ्या हातातून लोकरीचं टोक काढून घेतलं. आपा म्हणाल्या, आधी धुऊन वाळवू, नाही तर वीण खडबडीत येईल. वहिनी म्हणाल्या, “येऊ द्या. इथंच घालते.” आणि टाके घालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या जागेत सतरंजी टाकली. मला हाक मारायला आल्या. सगळी कॉलनी बघत होती. कुजबुज झाली, सासूबाईंनाही ते पसंत नव्हतं, पण त्यांनी मला अडवलं नाही. आम्ही उन्हात बसलो. वहिनी बोलत नव्हत्या. नुसत्या विणत होत्या. मी त्यांच्या शेजारी गुंता सोडवून धागा पुढं देत होते. रोज तसंच. त्या कधी विणता विणता थांबायच्या, डोळे पुसायच्या आणि परत टाका घ्यायच्या. त्यांचा हात पहिल्यांदाच घट्ट झाला होता. त्या दिवसांत मी पोटभर जेवायला लागले हे मला सासूबाईंनी पुढं सांगितलं.

रविवारी पोस्टातल्या बाई आल्या आणि आपांनी जोडायला घेतलं. आधी खांदे, मग बाह्या, मग दोन्ही कडा. आम्ही तिघी बघत होतो. वहिनींची बाही खडबडीत होती, उसवलेल्या लोकरीची, हात फिरवला की कळत होतं. आपांनी शेवटची गाठ मारली, धागा दातानं तोडला आणि स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. तो किती लहान होता ते मला तेव्हा दिसलं.

मग वहिनींनीच विचारलं. नेहमीच्या आवाजात नाही, अगदी हळू.

“नाव काय ठरवलं व्हतं गं तिचं?”

तिचं. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नाव मी ठरवलं होतं. मुलगी झाली तर हेच, असं डोहाळजेवणाच्या आधीच ठरवलं होतं, आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण बारशापर्यंत सांगायचं नसतं. माझ्या तोंडून ते एकदाही मोठ्यानं निघालं नव्हतं. मी ते म्हणाले.

वहिनींनी ते पुन्हा उच्चारलं, नीट, एकेक अक्षर. पोस्टातल्या बाईंनी उच्चारलं. आपांच्या बोलण्यात ते थोडं वेगळं झालं, शेवट लांबला, आणि त्यांनी ते दोनदा म्हटलं. “अच्छा नाम है,” म्हणाल्या.

पुढं मला दोन मुलगे झाले. त्यांची बारशी थाटात झाली. पण माझ्या पहिल्या लेकीचं बारसं त्या सतरंजीवर झालं, असं मी धरते. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ते घ्यायचं, त्यांनी त्या दुपारी घेतलं.