मोठ्या काकूंचा निखिल

माझ्या थोरल्या जाऊबाईंना नवी वस्तू हाताळायची भीती म्हणून वाटत नसे, आणि त्याचा मला फार राग येई. मिक्सर असो नाहीतर गिझर, त्या बटण दाबून मोकळ्या. "बिघडलं तर दुरुस्त होतं गं, जन्मभर घाबरत काय बसायचं?" असं वर मलाच ऐकवायच्या. त्या राहायच्या माजिवड्याला, आम्ही डोंबिवलीत. तरी माझा निखिल लहानपणापासून मोठ्या काकूंच्या मागे मागे.

तो नोकरीसाठी जर्मनीला निघाला, तेव्हा त्याने दोन्ही घरच्या कॉम्प्युटरवर एकच प्रोग्राम टाकून दिला. त्यात इंटरनेटही पाहता येई आणि मेलही करता येई. खालच्या कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक केलं की एकातून दुसऱ्यात. "दोघींना सेम दिलंय, उगाच भांडण नको," तो हसत म्हणाला.

सुरुवातीला जाऊबाईंची चांगली फजिती झाली. वेबसाइटचा पत्ता टाकायच्या लांबट चौकटीत त्यांनी 'चि. निखिल यास अनेक आशीर्वाद' इथपासून अख्खं पत्र लिहिलं आणि एंटर मारलं. असं काही सापडत नाही, असं उत्तर आलं. त्यांचा मला घाबराघुबरा फोन. "सुमन, अगं, सापडत नाही म्हणतंय! निखिलने खोली बदलली की काय?" फोन ठेवून मी मनसोक्त हसले. माझा मेल तोवर पोचलाही होता. तो आठवडा माझा फार मजेत गेला.

पुढे मात्र पारडं फिरलं. मला निखिलची उत्तरं यायची ती अशी: "जेवलो. तब्येत बरी आहे. थंडी आहे." एकदा माजिवड्याला गेले, तर जाऊबाईंनी त्यांना आलेला मेल कौतुकाने वाचून दाखवला. खाली सरकवून सरकवून बोट दुखावं एवढा. ऑफिसातला खडूस साहेब, बिघडलेली आमटी, रविवारी खोलीत खायला उठणारा एकटेपणा, सगळं त्यात. पोटच्या पोराचं दुःख मला जावेकडून कळलं.

"वहिनी, तुम्ही एवढं लिहिता तरी काय त्याला?" मी जरा टोचूनच विचारलं.

"मी कुठे लिहिते? विचारते नुसतं." त्यांनी कोपऱ्यात क्लिक केलं आणि त्याच्या गावाची वेबसाइट उघडली. नदीवरचा पूल, आठवडी बाजार, बसच्या वेळा. रोज अंघोळ झाली की त्या गावात एक चक्कर मारायची, मग मेलमध्ये येऊन विचारायचं, बाजारात तो मेथीसारखा पाला कसला रे? पूल चालत ओलांडतोस की बसने? हे सगळं माझ्याही कॉम्प्युटरवर होतं. मी फक्त मेल उघडायचे आणि जेवलास का, एवढंच विचारायचे.

घरी येऊन मीही ते गाव उघडलं आणि पुलाबद्दल लिहिलं. लगेच उत्तर आलं, "हो आई, काकूने पण हेच विचारलेलं." मी कॉम्प्युटर बंद केला आणि कुकर लावायला उठले.

मागच्या वर्षी जाऊबाई गेल्या. निखिलला रजा मिळाली नाही. तेरावं झाल्यावर त्याचा मला मेल आला, आणि तो लांबलचक होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी चष्मा पुसून वाचायला बसले. पहिल्या ओळीपासून सगळा त्यांच्याबद्दलच. शेवटी लिहिलं होतं, "आई, आता हे असलं सगळं मी कोणाला लिहू?"

हे तो मला विचारत होता.