पसरणीच्या घाटात काढलेली डबी

आमच्या ह्यांनी लष्करात वीस वर्षं गाड्याच दुरुस्त केल्या. त्यामुळे चांगली चाललेली गाडी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. निवृत्त होऊन इस्लामपुरात आल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाची जपानी टर्बो डिझेल गाडी घेतली. चढावर ती अशी ओढायची की आपली पाठ सीटला चिकटायची. माझ्या मते एवढं पुष्कळ होतं.

ह्यांच्या मते नव्हतं. त्याच माणसाने ह्यांना एक काळी डबी दिली. साबणाच्या वडीएवढी, दोन्ही बाजूंना वायर आणि वायरीच्या टोकाला प्लग. इंजिनचा सेन्सर आणि गाडीचा कॉम्प्युटर यांच्या मध्ये ती जोडली की ताकद वाढते म्हणे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणून सोबतचा इंग्रजी कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. टर्बोचा दाब खरा असतो त्याहून कमी आहे, असं ती डबी कॉम्प्युटरला भासवायची आणि तो बिचारा जास्त डिझेल सोडायचा.

"म्हणजे ही खोटं बोलते," मी म्हटलं.

"खोटं न्हाई गं. जरा कमी करून सांगती."

"खाली लिहिलंय, इंजिनचा दिवा लागला तर ताबडतोब काढून ठेवा."

"ते लिवावंच लागतं त्यास्नी. तू बॅटरी नीट धर."

बॉनेटखाली अर्धा तास बॅटरीचा उजेड धरून माझा हात भरून आला. कुठला प्लग कुठून काढला आणि कुठे बसवला, ते मात्र पाठ झालं.

पुढच्या रविवारी आम्ही महाबळेश्वरला निघालो. सोबत माझी मोठी नणंद होती. तिला गाडी लागते, हे ह्यांना जन्मापासून माहीत होतं. तरी कराड सोडल्यापासून ह्यांनी दिसेल त्या ट्रकला मागे टाकायचा सपाटा लावला. "बघ, बघ कशी पळती," असं दर दहा मिनिटांनी. वन्सं डोळे मिटून लिंबू हुंगत होत्या. मी मागे वळून पाहिलं तर आमच्या मागच्या स्कूटरवाल्याचं तोंड धुराने दिसेना.

पसरणीच्या घाटात, वाई खाली लहान दिसायला लागली तेव्हा पिवळा दिवा लागला. गाडीचा जीवच गेला. बंद पडली नाही, पण ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी बैलगाडीच्या चालीने चढायला लागली. आम्ही मागे टाकलेली एसटी आम्हाला ओलांडून गेली. खिडकीतली माणसं हसत होती.

"अहो, ती डबी काढा."

"डबीचा काय संबंध? डिझेलमधी कचरा असंल."

"दिवा लागलाय."

"लष्करात मी गाड्या केल्यात का तू?"

गाडी कडेला लावली. बॉनेट उघडून ह्यांनी डबी सोडून बाकी सगळ्याला हात लावला. मग एका टेम्पोला हात करून पाचगणीहून मेकॅनिक आणायला गेले. उन्हात आम्ही दोघी उरलो.

"अगं, तुला येतंय का काय करायला?" वन्सं म्हणाल्या. "मला बसवत न्हाई गड्या इथं."

मी चावी काढली, पदर खोचला आणि दोन्ही प्लग उपसले. डबी पर्समध्ये टाकली आणि मूळची वायर होती तशी सेन्सरला जोडली. पुन्हा चावी फिरवली. दिवा गेला होता. इंजिन गोड आवाजात चाललं. मी ते बंद करून सावलीत जाऊन बसले.

तासाभराने हे मेकॅनिकच्या स्कूटरवरून आले. त्याने गाडी चालू केली, थोडी वर नेऊन परत आणली.

"आवं, काय झालंय हिला? ठणठणीत हाय की."

"गरम झालती," हे म्हणाले. "थंड झाली."

पुढचा सगळा घाट ह्यांनी डबीचं कौतुक केलं. आता कशी ओढती, डबी नसती तर हा चढ चढलीच नसती. वन्संनी तोंडात पदर कोंबला होता. मला हसूही येईना, इतकी मी वैतागले होते. महाबळेश्वरला हॉटेलात चहा आल्यावर मी डबी टेबलावर ठेवली.

ह्यांनी ती उचलून उलटीपालटी करून पाहिली. "मग वर आणलं कुणी?"

"गाडीने."

वाटलं, विषय संपला. सकाळी परत निघायच्या वेळी पाहते तर बॉनेट उघडं आणि ह्यांच्या हातात तीच डबी. "उतारावर काय हुतंय गं? उगं तपासून बघतो."

मी वन्संचा हात धरला, पिशव्या उचलल्या आणि आम्ही दोघी स्टँडवर जाऊन साताऱ्याच्या एसटीत बसलो. एसटी सुटायला पाच मिनिटं होती, तेव्हा हे गाडी घेऊन खिडकीखाली आले, हात कोपरापर्यंत काळे.

"चल. काढली."

"दाखवा."

कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबला. ह्यांनी भर स्टँडवर बॉनेट उघडलं. मी खाली उतरून, वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी सेन्सरची वायर पाहिली आणि मगच वन्संना उतरायला सांगितलं.