कचेरीची खालची पायरी

मुरुडच्या जुन्या कचेरीला परवा चुना लावत होते. ओल्या चुन्याचा तो वास नाकात गेला आणि आई आठवली.

संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याच साली बाबा गेले. घर आईच्या नावावर व्हावं म्हणून आम्ही दोघी आगरदांड्याहून चालत आलो होतो. आईने चपला खालच्या पायरीशी काढल्या. ऊन चढलं तसा दगडी व्हरांडा तापला. ती कधी या पायावर, कधी त्या पायावर उभी. मी वैतागून म्हटलं, "चपला घाल ना आई. हे काय देऊळ हाय?"

"देवळात बसू तरी देतात, बाय," ती म्हणाली.

उन्हं कलल्यावर शिपाई बाहेर आला. "साहेब दौऱ्यावर गेलेत. सोमवारी या."

आई "बरं" म्हणाली. असे तिचे किती सोमवार गेले. तिच्या भित्रेपणाचा मला राग यायचा.

परवा मी हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते. टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजी, साहेब मीटिंगला गेलेत. सोमवारी या." मी "बरं" म्हणाले आणि कठडा धरून उतरले. माझ्या चपला खालच्या पायरीशी होत्या. कधी काढल्या, ते आठवेना.